हँडल बाहेर, आम्ही आत

आज बेडरूमच्या दाराचं हँडल मीच बदललं. स्क्रूला खोबरेल लावलं आणि त्या वासासरशी लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं.

पनवेलच्या खाडीकडच्या घरात सासूबाई आणि मी असंच हँडल बदलत होतो. मला त्यांची भीती वाटायची. आम्ही कामापुरतंच बोलायचो. "खारी हवा लोखंड खाते गो, तेल लाव," एवढंच त्या म्हणाल्या. जुनं हँडल काढलं, तेवढ्यात वारा सुटला. खिडकी लावायला दोघी आत धावलो, तोच दार धाडकन बंद! नवं हँडल नि पेचकस बाहेरच राहिले.

सासूबाई दाराच्या भोकाकडे बघत राहिल्या आणि एकदम पदर तोंडाला लावून हसू लागल्या. मग पलंगावर मांडी घालून त्यांनी मिठागरावरचं आपलं लहानपण सांगितलं, मी माझ्या माहेरचं.

संध्याकाळी हे तळोज्याहून कामावरून आले. "आय, थांब, दार उघडतो," म्हणाले.

"तूच थांब रं," सासूबाई आतून ओरडल्या, "आमचं बोलनं आजून सरलं नाय!"

आज नवं हँडल दाबलं, तर दार लगेच उघडलं. मी जराशी हिरमुसलेच.