वडिलांच्या पानावरचा मासा

आमच्या ढिवरांच्या घरी पित्राच्या पानावर मासा लागतो, आणि तो मुलानं स्वतःच्या हातानं धरलेला लागतो. विकतचा चालत नाही. वडील गेले त्या वर्षी मी लंडनजवळ हॅरोला भाड्याच्या खोलीत राहत होतो. रजा मिळत नव्हती आणि मला भाऊ नाही. आई फोनवर म्हणाली, "तू तिकडंच पान वाढ, बाबू. पण मासा तूच धर."

मला मासे धरता येत नव्हते. वडिलांनी शिकूच दिलं नाही. तलावावर मी जाळ्याला हात लावला की ते ओरडायचे, "ठेव ते! पुस्तक घे." त्या ओरडण्यामुळेच मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो. ते ऋण फिटणारं नाही. पण त्यांच्या पहिल्या पानासाठी मला गळ टाकायला परक्या देशात शिकावं लागलं.

उन्हाळाभर सराव केला आणि पित्राच्या दिवशी लेक डिस्ट्रिक्टमधल्या एका तळ्यावर पोचलो. सप्टेंबर संपत आला होता. ऑफिसातल्या पुणेकर मित्राला सोबत येतोस का विचारलं, तर तो म्हणाला, "एवढ्या थंडीत? वेडा आहेस का? तू जा, मला फोटो पाठव."

होडीवाल्यानं दोरी सोडताना विचारलं, "एकटाच?"

"एकटाच."

"बरं. सीझनचा शेवटचा आठवडा, आणि शेवटचा वेडा."

तिथं ट्राउट माशासाठी होडी हळूहळू वल्हवत राहायचं आणि मागं लांब तंगुसाच्या दोऱ्यावर पितळी चमच्यासारखा गळ ओढत न्यायचा. मासा खोल पाण्यात असतो. गळ त्याला लहान मासा वाटला तर झडप घालतो. मी वारा पाठीशी घेऊन निघालो. होडी आपोआप पळत होती आणि मला बरं वाटत होतं. आमच्या तलावावर दिवस कलला की वारा पडतो. इथंही पडेल असं मी धरूनच चाललो होतो.

इथं दिवस कलला तसा वारा वाढला. पाणी शिशाच्या रंगाचं झालं, लाटांवर फेस आला. दुसरी एकही होडी दिसत नव्हती. मी होडीचं तोंड फिरवलं आणि वाऱ्याच्या विरुद्ध वल्हवू लागलो. चार हात पुढं गेलं की दोन हात मागं. गळ तसाच मागं होता. आशा सुटत नव्हती.

आणि नेमका तेव्हाच गळाचा रॉड वाकला.

मी वल्ही टाकून रॉड धरला. दुसऱ्या टोकाला चांगलं वजन होतं, ते खाली डोकं हलवत होतं. तेवढ्यात होडी आडवी फिरली, एक लाट काठावरून आत आली आणि माझे बूट पाण्यात बुडाले. दुसरी लाट आली असती तर होडी राहिली नसती. मी रॉड मांडीखाली दाबला आणि पुन्हा वल्ही धरली. तंगूस ताणलेला होता तोवर मी मोठ्यानं म्हणत होतो, "थांब, बाबा, थांब." माशाला म्हणत होतो की वडिलांना, ते मला तेव्हाही कळलं नाही. मग तंगूस सैल पडला.

काठाला लागल्यावर आईला फोन लावला. तिकडं रात्र झाली होती.

"भेटला का?"

"लागला होता, आई. सुटला."

"तू बरा आहेस न?"

"हो."

"मग जाऊ दे. तुझा बाबा का रोज आणत होता? रिकामा आला की मी कधी विचारलं नाही. जे असंल ते वाढ."

गावात एकच दुकान उघडं होतं, तेही फिश अँड चिप्सचं, म्हणजे तळलेला मासा आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी.

"फक्त चिप्स," मी म्हणालो.

"मासा नको? ताजा आहे," काउंटरवरची बाई म्हणाली.

"माहीत आहे. आज नको."

तळ्याकाठच्या दगडी भिंतीवर कागद पसरून मी चिप्सचे दोन वाटे केले. वारा कागद उडवत होता, म्हणून दोन्ही हातांनी तो धरून बसलो. हात जोडायचे राहूनच गेले. आमच्याकडं पित्राचं पान नंतर मुलानंच संपवायचं असतं. वडिलांचा वाटा गार झाला तेव्हा मी तो खाल्ला, आणि मग माझा.