बिनकाट्याची बाजू

दाऊदच्या तीन पिढ्या कोल्हारात लोखंड ठोकत आल्या. विळे, खुरपी, कुऱ्हाडी. आणि मेंढपाळांच्या कुत्र्यांसाठी खिळ्यांचे पट्टे. बिबट्या नरडं धरतो. नरड्याभोवती बोटाएवढे खिळे उभे असले, की त्याचं तोंड मागं फिरतं. दाऊदचा पट्टा गळ्यात असताना कुत्रं गेलं, असं सांगत अजून कुणी आलं नव्हतं.

यंदा हिवाळ्यात प्रवरेकाठचा ऊस तुटू लागला आणि बिबटे वस्त्यांकडे सरकले. पंधरा दिवसांत दोन माणसं गेली. एक बाई गवत कापत होती. एक म्हातारा बसून कांदे खुरपत होता. दोघंही वाकलेली होती, हे दाऊदला उमगलं. उभ्या माणसाला बिबट्या बिचकतो. वाकलेलं माणूस त्याला चार पायांचं जनावर वाटतं. तो मागून येतो, नखं आत ओढून, गादीसारख्या तळव्यांवर. पाचोळासुद्धा वाजत नाही.

शेजारची लंकाबाई एका सकाळी भात्यापाशी येऊन उभी राहिली. तिच्या दोन म्हशी होत्या. त्यांना रोज दोन भारे घास लागायचा, आणि घास वाकूनच कापावा लागतो.

"दाऊदभाऊ, एक पट्टा कर."

"कुत्र्याला का?"

"बिनपट्ट्याचं कुत्रं नेलं की त्यानं मागल्या आठवड्यात. आता माझाच नंबर हाय." तिने मान पुढं केली. "घे माप. अन् जरा सैल ठेव. न्हाईतर मालक म्हनतील, बायको भुकाया लागली."

"खुशाल भुका, वहिनी. गोंगाट झाला तर तो लांबच ऱ्हातो." मग दाऊद म्हणाला, "तुमचं साळिंदर करतो बघा. त्याच्या वाटंला बिबट्याबी जपून जातो."

त्याने दुहेरी कातडं घेतलं. सगळीकडून सारखे तीस खिळे बसवले. हात जसा शिकला होता तसाच चालला. लंकाबाई पट्टा घालून गल्लीतून गेली तेव्हा बाया पदर तोंडाला लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्याच अकराजणी माप द्यायला आल्या.

नवव्या दिवशी, भर दुपारी, लंकाबाई गेली.

संध्याकाळी तिचा नवरा वैजनाथ आला. त्याने पट्टा ऐरणीवर ठेवला. पट्ट्यावर ओरखडा नव्हता. रक्त नव्हतं.

"बांधावरच्या बाभळीला अडकवलेला हुता."

"काढला कशापायी?" दाऊदचा आवाज चढला.

"खाली वाकलं की खिळे हनवटीत घुसत्यात, म्हनायची. कापताना काढायची. उभी ऱ्हायली की घालायची."

वैजनाथ बोलताना जमिनीकडे बघत होता. दाऊदही तिकडेच बघू लागला.

चार दिवसांपूर्वी ती दूध द्यायला आली होती. हनवटीवर बारीक खपल्या होत्या. दाऊदने त्या पाहिल्या होत्या. घामोळं असेल, असं वाटून तो पुन्हा घणाकडे वळला होता.

कुत्रं मान पुढं करून चालतं. त्याची हनवटी छातीला लागत नाही. माणूस वाकतो तेव्हा लागते. तिला वाकूनच काम करायचं होतं, आणि पट्टा तेवढ्याच वेळी तिच्या गळ्यात नव्हता.

लहानपणी अब्बांनी त्याला भुईमुगाच्या रानात मेलेलं साळिंदर दाखवलं होतं. तोंडावर एक काटा नव्हता. काटे सगळे पाठीवर, टोकं मागं. "त्याला तोंडानं मुळं उकरून खायची असत्यात," अब्बा म्हणाले होते. हे त्याला ठाऊक होतं. तिला साळिंदर म्हणतानाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दाऊदने भट्टी पेटवली नाही. छिन्नी आणि कानस पिशवीत घालून तो अकरा घरं फिरला. "पट्टा द्या," एवढंच म्हणायचा. उंबऱ्यात बसून पुढचे नऊ खिळे तोडायचा, बुडखे घासून गुळगुळीत करायचा. एका बाईच्या हनवटीवर तशाच खपल्या होत्या. या खेपेला त्याने त्या नीट पाहिल्या.

परतला तेव्हा वैजनाथ भात्यापाशी बसला होता.

"म्हशी कालपासून उपाशी हायेत," तो म्हणाला.

दाऊदने ऐरणीवरचा पट्टा उचलला. नऊ खिळे तोडले. कातड्यावर हात फिरवून पाहिला. मग तो वैजनाथच्या गळ्यात घातला आणि मागून आवळला.

"वाका."

वैजनाथ जमिनीला हात टेकेपर्यंत वाकला.

"टोचतंय का?"

वैजनाथने हनवटी छातीला टेकवून पाहिली.

"न्हाई," तो म्हणाला.