फिरायला रुग्णालयात

शिवणवाल्या काकूंची साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी एकच औषध ठणकावून सांगितलं: रोज चाला, नाहीतर पायाचं बोट जाईल. काकूंनी तर उभा जन्म मशीनपुढे बसून काढला होता.

चालायचं ठरलं खरं, पण कुठे? नव्याकोऱ्या वसाहतीत गाड्यांसाठी ऐसपैस रस्ता होता. फूटपाथ तेवढा नकाशात राहिला होता. जो काही उरला, त्यावर खांब, जाहिरातींच्या पाट्या आणि मोटारी ठाण मांडून बसल्या होत्या. बाग रस्त्यापलीकडे, तिथे जायला पूल आणि पुलाला जिना. काकूंच्या गुडघ्यांनी जिन्यापुढे केव्हाच हात टेकले होते. "वसाहत आखणाऱ्याला पाय नव्हते का हो?" त्या विचारत. असतील, पण ते मोटारीतून खाली उतरले नसावेत.

सपाट, सावलीची, मध्ये मध्ये बाकं असलेली एकच वाट अख्ख्या वसाहतीत होती. ती म्हणजे अलीकडच्या रुग्णालयाचा व्हरांडा. काकू तिथे फिरू लागल्या.

"कुणाला भेटायचंय?" दारावरच्या रखवालदाराने हटकलं.

"नणंदेला."

"परवा जाऊबाई होत्या ना?"

"काय सांगू दादा, आमच्या घराला दृष्टच लागलीय."

हळूहळू शेजारणीही आपापल्या आजारी नणंदा घेऊन हजर झाल्या. काकूंची साखर झरझर उतरली. डॉक्टर खूश झाले. "चालता कुठे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच व्हरांड्यात की!" काकू भाबडेपणाने बोलून गेल्या.

डॉक्टरांनी ही गंमत कौतुकाने व्यवस्थापकांच्या कानावर घातली. रुग्णालयात लोक ठणठणीत होताहेत हे ऐकून व्यवस्थापकांचं पित्त खवळलं. दुसऱ्या दिवसापासून रुग्णाचं नाव आणि खाट सांगितल्याशिवाय कुणालाच आत सोडेनात. काकू मुकाट्याने रस्त्याच्या कडेने चालू लागल्या आणि एका संध्याकाळी गटाराच्या फुटक्या झाकणात त्यांचा पाय गेला. जखम चिघळली. डॉक्टरांनी बोट वाचवायची शिकस्त केली, पण शेवटी ते काढावंच लागलं.

आता काकूंची खाट व्हरांड्याला लागूनच होती. शेजारणी सकाळ-संध्याकाळ भेटीला येत. दारावर काकूंचं नाव सांगत, आत येऊन "कशी आहेस गं?" विचारत आणि उत्तराची वाट न बघता व्हरांड्यात पसार होत. त्यांच्या चपलांचा आवाज ऐकताना काकूंना हसू यायचं आणि भडभडूनही यायचं.

"उद्या घरी सोडतायत," एके दिवशी त्यांनी सांगितलं.

एका शेजारणीचा चेहरा पडला. "इतक्यात? आठवडाभर राहा की. माझी साखर आत्ता कुठे उतरायला लागलीय."

काकूंनी पट्टी बांधलेला पाय उशीवर नीट ठेवला.

"मलाही आता चालावंच लागणार गं," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला तू आजारी पड. मी येईन भेटायला."