शिशाचा माणूस आणि राखेची वाटी

ऑब्री स्विनर्टननं बर्मिंगहॅमच्या सराफी पेठेत एकेचाळीस वर्षं सोनं तपासलं. अंगठीचा कणभर खरवडा घ्यायचा, शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळायचा आणि हाडांच्या राखेच्या वाटीत घालून भट्टीत सरकवायचा. शिसं वितळतं, सगळं हीण पोटात घेऊन वाटीत मुरतं, वर चकचकीत मणी उरतो. चाचण्या नेहमी दोन. दोन्ही जुळल्या तरच शिक्का. “हा चहासुद्धा दोनदा चाखून मग साखर घालतो,” असं त्याची बहीण मेव्हिस म्हणायची.

त्यांच्या आणि माझ्या घराच्या मध्ये एकच भिंत. माझे यजमान गेल्यापासून दर मंगळवारी दुपारी मी त्यांना पुस्तक वाचून दाखवायला जायची, कारण मेव्हिसची नजर गेली होती. एक पाय तर लहानपणापासूनच अधू. त्या वर्षी आम्ही जादूच्या राज्याची एक कादंबरी धरली होती. सगळ्या गावातली पोरं ती वाचत होती. तीनपैकी दोन खंड निघाले होते, तिसरा ऑक्टोबरात येणार होता; आणि मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, मेव्हिसच्या हृदयाचा भरवसा ऑगस्टपलीकडे धरू नका.

“मला शेवट हवाय,” मेव्हिस म्हणाली. “ओरिक जगतो की मरतो, तेवढं सांगा. बाकी राजा-राणीचं काय वाटेल ते होवो.”

ओरिक म्हणजे त्या राजवाड्याचा लंगडा द्वारपाल. करडा अंगरखा, गार हात, जन्म शनिवारचा. सगळे त्याला फितूर समजत.

मी शाळेत असल्यापासून रोजनिशी लिहिते. नन्सनी लावलेली शिस्त. तारीख, हवा, कितव्या पानापर्यंत वाचलं, त्यात काय आलं. शेवट आधीच ताडता येईल का बघायला ऑब्रीनं माझ्या वह्या मागितल्या. पहिल्या खंडाच्या नोंदींत कावळे, काजळी, कुजलेली पानं. दुसऱ्यात हंस, चुन्याच्या भिंती, दूध. शेवटी पेल्यावर कोरलेला पेलिकन, स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजणारा.

“हा आमच्या शाळेच्या चॅपलमध्ये होता,” मी म्हटलं. “ख्रिस्ताची खूण.”

“किमयागारांच्या एका काचेच्या भांड्याचंही तेच नाव.” ग्रंथालयातून आणलेल्या जाडजूड पुस्तकावर तो बोट आपटत होता. “त्यांच्या किमयेच्या पायऱ्या याच: आधी काळं, मग पांढरं, शेवटी लाल. अगं ब्रीडी, ही गोष्ट नाही, ही भट्टी आहे! शनी म्हणजे शिसं. ओरिक शिसं आहे!”

मलाही झोप येईना. मी दोन्ही खंड पुन्हा चाळले. दर प्रकरणात एखादा धातू, एखादा पक्षी दडलेला. इतके दिवस आम्ही वाचत होतो आणि दिसलं नव्हतं.

जुलैत ऑब्रीनं निकाल दिला. “तो फितूर नाही. पण सगळ्यांचं पाप पोटात घेऊन तो मुरून जाणार. शिसं तेच करतं.”

मेव्हिसनं कप खाली ठेवला. “खोटं.”

“एकेचाळीस वर्षं जाळलंय मी ते!”

“म्हणूनच! तुला त्याचं काय, काम झालं की वाटी फेकून द्यायची. आता मी पुस्तक आल्याशिवाय जात नाही. डॉक्टरांना सांग, मिस स्विनर्टनला वेळ नाही.”

आणि खरंच ती गेली नाही. सूप नको म्हणणारी बाई रोज दोन वाट्या पिऊ लागली, तीही भावाला ऐकू जातील असे भुरके मारत.

चौदा ऑक्टोबर, पाऊस. पुस्तक आल्यापासून रोज वाचून मी शेवटच्या प्रकरणाशी आले. राजा-राणीच्या लग्नात लाल आग पेटते, ओरिक आत चालत जातो. मी थांबले.

“वाच गं,” मेव्हिस म्हणाली.

तो बाहेर येतो. पाय सरळ, अंगरखा सोन्याचा.

मेव्हिसनं टाळ्या पिटल्या. “मुरला का रे? मुरला का?”

ऑब्री उठून आत गेला. कपाटातून एक जुनी वाटी घेऊन आला आणि तिच्या तळाचा पिवळट डाग किती तरी वेळ बघत बसला. “शिशाचं सोनं होत नाही,” तो म्हणाला. “पण जुन्या किमयागारांना ते होईल असंच वाटायचं. ग्रंथालयातल्या त्या पुस्तकात तेच लिहिलं होतं, मी वाचलंही होतं. तरी मी आपल्या तपासणी कचेरीतल्या भट्टीवरच विसंबलो. आणि तेही एकाच चाचणीवर निकाल दिला.”

“एकाच?” मेव्हिसला हे टाळ्यांपेक्षा जास्त आवडलेलं दिसलं. “तू?”

“दुसरी घ्यायला हवी. ब्रीडी, पहिला खंड काढ.”

“अरे, हजार पानं आहेत!” मेव्हिस म्हणाली.

“मग डॉक्टरांना सांग, वेळ नाही.”

दुसरं वाचन सहा एप्रिलला संपलं. हवा स्वच्छ. मेव्हिस मध्ये दोनदा झोपली, पण ओरिकच्या वेळी जागी होती. निकाल जुळला. ऑब्रीनं तिसऱ्या खंडाच्या शेवटच्या पानावर दोन्ही तारखा लिहिल्या आणि खाली आपली तपासनिसाची सही केली.