टंचाई शाखेतलं पहिलं वर्ष

"तुमची पहिली नोकरी कुठली हो?" असं कुणी विचारलं, की आम्ही तिघं आधी एकमेकांकडं बघतो आणि मग दमल्यासारखे हसतो. लोकांना पहिला पगार आठवतो, वाटलेले पेढे आठवतात. आम्हाला धूळ आठवते! हे किस्से आम्ही काही जमवले नाहीत. टेबलाखाली शाईच्या रिकाम्या बाटल्या साठतात, तसे ते साठत गेले. कुणी उचलून नेईना, म्हणून राहिले.

तिघं म्हणजे मी, बिराजदार आणि करीमभाई. उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला, त्या सुमारास आम्ही नोकरीला लागलो. जिल्हा नवा कोरा, दुष्काळ मात्र जुनाच! मी टंचाई शाखेत टायपिस्ट, बिराजदार कनिष्ठ अभियंता आणि करीमभाई टँकरवर ड्रायव्हर. आमच्या डोक्यावर अव्वल कारकून मठपती अण्णा. अण्णा आता नाहीत. त्यांचं बोलणं आलं, की बिराजदार त्यांचा आवाज काढतात.

*

पहिल्या दिवशी मी भोकरहून नांदेडला आणि नांदेडहून लातूरला एस.टी.नं आले. स्टँडवर रिक्षावाल्याला ऑफिसचा पत्ता विचारला. तो म्हणाला, "जिल्ह्याचं हापिस? ताई, ते उस्मानाबादला हाय. चुकीच्या गाडीत बसलाव तुमी!"

शेवटी ऑफिस सापडलं ते एका आडत दुकानाच्या गोदामात. भिंतीला अजून तुरीचा वास. मी ऑर्डर पुढं केली. अण्णांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, जिल्हा नवा हाय. माणसं आधी आली, खुर्च्या मागून येतील. तवर बसा त्या दप्तरावर."

दप्तर म्हणजे जुन्या जिल्ह्यातून आलेले फायलींचे गठ्ठे, लाल फडक्यात बांधलेले. अकरा दिवस मी त्याच्यावर बसून टायपिंग केलं. बाराव्या दिवशी खुर्ची आली! पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेली. मला इतका आनंद झाला, की उठून माठातलं पाणी प्यायला गेले. परत येऊन बघते तर खुर्चीवर दुसराच कारकून!

अण्णा मान न उचलता म्हणाले, "सरकारी नोकरीतला पहिला धडा. तहान धरून बसायचं!"

*

एकाच नावाची दोन गावं होती. मोठं ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द. टँकरच्या यादीत मी 'खु.'च्या जागी 'बु.' टाइप केलं. कार्बन लावून पाच प्रती. यादीवर सह्या झाल्या, शिक्का बसला, टँकर निघाला.

बुद्रुकला विहिरीत थोडंफार पाणी होतं. दारात टँकर बघून तिथल्या लोकांनी काही विचारलं नाही. आलेल्या पाण्याला कोण नको म्हणतं? खुर्दची माणसं चार दिवस रस्त्याकडं डोळे लावून बसली.

पाचव्या दिवशी खुर्दच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन ऑफिसात आल्या. पुढं एक म्हातारी, भेगाळलेल्या टाचांची. अण्णांनी यादी काढली, वाचली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "टायपिंगची चूक झालीया, मावशी. एक अक्षर बदललं."

"एक अक्षर?" म्हातारी म्हणाली. "आमी चार दिवस एका अक्षरापायी तान्हेलो व्हय? कुणी केलंय?"

अण्णा माझं नाव घेईनात. मीच उभी राहिले. म्हातारी जवळ आली. मला वाटलं, आता घागर डोक्यात घालती! तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मागच्या बायांना म्हणाली, "लेकरूच हाय गं ही." मग मला म्हणाली, "हातानं लिही आमच्या गावाचं नाव. मोठ्या अक्षरात. आन् म्होरं भिताडाला लाव. रोज बघत जा."

मी लिहिलं. भिंतीला लावलं. नोकरी छत्तीस वर्षं झाली, पण मोठ्यानं वाचल्याशिवाय एकही कागद मी पुढं पाठवला नाही. लोक हसायचे, "बाई शाळेत असल्यासारखं वाचतात!" हसू देत.

*

बिराजदार मूळचे देगलूरचे. डिप्लोमा झाला आणि थेट बोअरवेलच्या कामावर. पहिल्याच गावात ते नकाशा घेऊन गेले, तर तिथं आधीच एक पाणाड्या हजर. म्हातारबा तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात फिरत होते. नारळ जिथं उभा राहील तिथं पाणी!

बिराजदार तरुण रक्ताचे. म्हणाले, "बाबा, जमिनीखालचं शास्त्र वेगळं असतं."

म्हातारबा म्हणाले, "असंल की! तुमचं तुमी सांगा, माझं मी सांगतो. मशीन काय खोटं बोलंल?"

गाव दोन तट पडून बघायला गोळा झालं. आधी बिराजदारांच्या खुणेवर मशीन लावलं. दोनशे फूट गेलं, नुसता पांढरा भुगा! तट बदलले. मग म्हातारबांच्या खुणेवर लावलं. तिथंही दोनशे फूट, तिथंही भुगा!

गर्दी एक शब्द न बोलता पांगली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं बिराजदार अजून म्हणतात. केसांपासून बुटांपर्यंत पांढरे झालेले दोघं लिंबाखाली बसले. म्हातारबांनी नारळ दगडावर आपटून फोडला, थोडं पाणी राहिलेली अर्धी वाटी बिराजदारांच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "घ्या सायेब. गावात आज एवढंच पाणी निघालं!"

*

दिवाळीला मी भोकरला घरी गेले. आईनं सगळ्या वस्तीला सांगून ठेवलेलं, 'पोरगी टँकर सोडती!' चहा व्हायच्या आत अंगण भरलं. "आपल्याकडं दोन टँकर लावून दे, माय," किसनकाका म्हणाले. हे आमचे चुलते, वस्तीतले सगळ्यात वडील.

मी समजावून सांगितलं, की काका, मी लातूरला आहे. आपला जिल्हा नांदेड. इथं माझं काही चालत नाही.

काकांनी डोक्यावरचा रुमाल काढून झटकला. मग म्हणाले, "म्हंजी तान लागायच्या आधी जिल्हा इचारून घ्यावा लागतो म्हन की!"

कुणी हसलं नाही. मी दोन दिवसांची रजा उरलेली असताना परतले.

*

एकदा वरून पाहणी पथक येणार होतं, दुष्काळ बघायला. आठ दिवस आम्ही तक्ते करत होतो. पथकाच्या गाड्या शिवारात शिरल्या आणि भुरभुर पाऊस! अर्धा तास पडला. रस्त्यावर चिखल झाला, एका साहेबांची चप्पल रुतली. ते म्हणाले, "पाऊस तर आहे की तुमच्याकडं!"

मठपती अण्णांनी आभाळाकडं बघून हात जोडले. "देवा, वर्षभर रजेवर होतास. आजच कशाला रुजू झालास?"

*

आता करीमभाईंचा.

त्यांचा टँकर एका मोठ्या गावाला लागला. पाणी गावच्या विहिरीत सोडायचं आणि लोकांनी शेंदून घ्यायचं, अशी पद्धत. पहिल्या दिवशी त्यांनी बघितलं, विहिरीला सगळं गाव झोंबलंय आणि लांब बाभळीखाली पंधरा-वीस बाया घागरी घेऊन नुसत्याच उभ्या.

"तुम्ही का थांबल्या?" करीमभाईंनी विचारलं.

"आमी बौद्धवाड्यातल्या," एक जण म्हणाली. "त्यांचं झाल्यावर कुणी वरून वाढलं, तर मिळतं. कवा राहतं, कवा न्हाई."

दुसऱ्या दिवशी गावात शिरताना टँकर बंद पडला. नेमका बौद्धवाड्यासमोर! करीमभाईंनी बॉनेट उघडलं, पाना हातात घेतला आणि बायांना म्हणाले, "गाडी जड झालीय. थोडं पाणी उतरवून घ्या, त्याशिवाय चालू व्हायची नाही." घागरी भरल्या, रांजण भरले, आणि गाडी चालू झाली!

तिसऱ्या दिवशी तिथंच बंद. चौथ्या दिवशीही. पुढं रोजच.

महिन्यानं सरपंचांचा लेखी अर्ज आला, की टँकर नादुरुस्त आहे, ड्रायव्हरसह बदलून मिळावा. चौकशी बिराजदारांकडं आली. करीमभाईंची नोकरी रोजंदारीवरची, एका ओळीनं जाणारी. बिराजदार दिवसभर टँकरमागं फिरले, गावात बसले, बौद्धवाड्यात चहा प्याले आणि परत येऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"घ्या टाइप करायला," ते म्हणाले. मी कागद लावला. त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं:

"सदर टँकरची समक्ष तपासणी केली. इंजिनात कोणताही दोष आढळून आला नाही. तथापि सदर टँकर सदर ठिकाणी रोज बंद पडतो, ही बाब खरी आहे."

अण्णांनी काहीही न विचारता त्यावर आपली सही केली आणि फाईल स्वतः मोठ्या साहेबांकडं घेऊन गेले.

संध्याकाळी फाईल खाली आली. समासात हिरव्या शाईत साहेबांचा शेरा होता:

"पाहिले. टँकर दुरुस्त करू नये."