नावाड्याचं पुढे काय होतं

नगरच्या आमच्या ऑफिसात प्रोग्रामला सरळ नाव द्यायची पद्धतच नव्हती. सॉफ्टवेअर बनवायचं दूध संघांसाठी, आणि नावं कुठली? तर एका जाडजूड इंग्रजी जादूच्या कादंबरीतली. पाच भाग होते तिचे. लसीकरणाची आठवण करून देणारा प्रोग्राम म्हणजे 'चेटकीण', बॅकअप घेणारा 'राक्षस'. मीटिंगमध्ये कोणीतरी गंभीर चेहऱ्याने म्हणायचं, "चेटकीण सकाळपासून बंद आहे," आणि मला हसू दाबता दाबता पुरेवाट व्हायची. टीममधली सगळी पोरं पंचविशीतली. पन्नाशीला टेकलेली मी एकटी, आणि ती कादंबरी न वाचलेलीही मी एकटीच.

माझ्याकडे जुना प्रोग्राम होता. त्यात गावोगावच्या गाईंच्या नोंदी: कानातल्या बिल्ल्याचा नंबर, कितवं वेत म्हणजे कितव्यांदा व्यायली, लस कधी दिली. अठरा वर्षं मी तो सांभाळला. कर्जतकडून एखाद्या संघाचा माणूस फोन करायचा, "मॅडम, एकच नंबर दोन गाईंना हाय, लई घोळ झालाय बगा." मी स्क्रीनकडे न बघता सांगायची, आधीची गाय विकली असणार, नोंद काढायची राहिली. दुसऱ्या कोणाला हे जमत नव्हतं. त्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू!

मग नवीन सॉफ्टवेअर आलं. जुन्या नोंदी तिकडे हलवायचं काम माझ्यावर पडलं. ते झाल्यावर आपलं काय, हा प्रश्न माझ्या डोक्यात होताच, पण विचारायचा धीर होईना. तेवढ्यात टीम लीडने या कामाचं नाव जाहीर केलं, 'नावाडी'.

"पहिल्या भागात एक म्हातारा नावाडी आहे मॅडम," तो म्हणाला. "नदीला पूर असतो, आणि तो एकटा सगळ्यांना पलीकडे पोचवतो."

माझा जीव भांड्यात पडला. असं नाव दिलं म्हणजे किंमत आहे आपली! दुसऱ्या दिवशी मी पेढे नेले. पोरांनी खाल्ले, पण एरवी माझी टर उडवणारी ती कार्टी त्या दिवशी गप्प होती. कामात असतील, असं मला वाटलं.

पुस्तक वाचायला मागितलं तर लीड म्हणाला, "कशाला मॅडम, उगाच डोकं उठेल." आज आणतो, उद्या आणतो, असं त्याने पंधरा दिवस केलं. शेवटी ऑफिसच्या कपाटातून मीच पहिला भाग काढून घेतला. नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरहून माझं रोजचं अप-डाऊन, एसटीत वेळ भरपूर. इंग्रजी जागोजागी अडायचं, पण मीही चिवट.

नावाडी सापडला तो राहुरीच्या अलीकडे. तो खरंच सगळ्यांना पलीकडे नेतो. शेवटचा माणूस उतरतो, आणि मागून शत्रू येऊ नये म्हणून तेच लोक नावेचा दोर कापतात. म्हातारा नावेतच असतो.

राहुरी मागे पडली तरी मी तेच पान धरून बसले होते. भीती वाटली. या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार?

ऑफिसात गेल्या गेल्या मी पुस्तक लीडच्या टेबलावर ठेवलं. "नोंदी संपल्या की मीही संपले, असंच ना?"

त्याने लॅपटॉप मिटला. "निर्णय वरून आलाय मॅडम. माझ्या हातात काही नव्हतं."

"आणि पोरांना कोणी सांगितलं?"

"सांगावं नाही लागलं. नाव ऐकून कळलं त्यांना."

"अरे, मग मला तोंडाने सांगायला काय धाड भरली होती तुला?" माझा आवाज चढला. सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघत राहिले.

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. एकच गोष्ट विचारायची राहिली होती. "पुढच्या चार भागांत त्या म्हाताऱ्याची कोणी आठवण काढतं का रे?"

त्याने खरंच विचार केला. एकेक भाग आठवून बघत असावा.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "एकदाही नाही."