काले म्हणजे कधी?

आमच्या प्राजक्ता मॅडम वाणगावच्या. पुण्यात शिकल्या, तिथे नोकरीही मिळत होती, पण सरळ परत आल्या आणि डहाणूला आमच्या कॉलेजात सार्वजनिक धोरण शिकवायला लागल्या. शिकवायला म्हणजे काय, वर्षातून एकदा वर्गाला चक्क कुलूप! आठवडाभर आम्ही सगळे तलासरीकडच्या पाड्यांवर, एकच प्रश्न घेऊन, आणि शेवटी जे सापडेल ते तालुक्याच्या साहेबांसमोर मांडायचं. ओढणी कमरेला खोचून मॅडम अशा सुटतात की मागून आमचीच दमछाक.

यंदा प्राचार्यांनी आधीच बजावलं होतं, "मागच्या वेळी साहेबांनी तुमच्या मुलांची चूक काढली. पुन्हा हसं झालं तर हा कोर्स बंद." मॅडम फक्त "बरं सर" म्हणाल्या.

प्रश्न होता, फिरत्या दवाखान्याची गाडी पाड्यावर येते का? मितेश तलासरीचा, घरी गुजराती, आणि सीमेजवळ बोली सगळी मिसळलेली, म्हणून विचारायचं काम त्याचं. लिहायचं काम उमेशचं, मराठीत. आमचं उत्तर एकदम झकास आलं, गाडी नियमित येते, लोकच जात नाहीत!

सादरीकरणाच्या आदल्या दुपारी मॅडम ते वाचता वाचता थांबल्या.

"सोमवारी विचारलं तर गाडी काल आली. मंगळवारीही काल. बुधवारीही काल. रोज येते का रे गाडी?"

"लोक तसंच म्हणाले मॅडम," उमेश म्हणाला.

"तसंच म्हणजे कसं? त्यांचा शब्द सांगा."

"नुसतं 'काले'," मितेश बोलला, आणि बोलल्या बोलल्या त्याने कपाळावर हात मारला. गुजरातीत काले म्हणजे कालही आणि उद्याही!

"मित्या, घरी हेच बोलतोस ना रे!" उमेश ओरडला.

"मी बरोबर ऐकलं, तू काय लिहिलंस गाढवा?"

मला वाटलं, मॅडम ते पान गुपचूप काढतील. कुणाला कळलं असतं? पण त्यांनी आमच्यासमोरच साहेबांना फोन लावला. "सर, मुलांचा निष्कर्ष चुकलाय. उद्या हॉल नको, पाड्यावर या. तुमच्यासमोर आम्ही परत विचारतो." मग प्राचार्यांना. ते एवढे ओरडले की फोनबाहेर ऐकू येत होतं. मॅडम म्हणाल्या, "सर, मागच्या वेळी चूक दुसऱ्यांना सापडली होती. यंदा आम्हाला सापडलीय." मला तर भरूनच आलं, खरंच.

सकाळी साहेब आणि प्राचार्य दोघंही पाड्यावर हजर. मितेशने आम्हाला 'काले' सांगणाऱ्या बुधीबाईंना नीट विचारलं, "मावशी, गाडी येऊन गेली की येणार?"

"येणार म्हणतात."

"आमच्याकडं तर पावसाळ्यापासून येणारच हाय!" शेजारची बाई म्हणाली आणि सगळ्या बायका हसत सुटल्या.

साहेब नाही हसले. उभ्या उभ्याच फोन लावला, "गाडी आत्ता कुठंय? आजच इकडं पाठवा. मी थांबतोय."

दुपारी गाडी आली. बायका रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा प्राचार्यांनी मॅडमना बाजूला घेतलं. आम्ही कान टवकारले.

"पुढच्या वर्षी कुठं नेणार मुलांना?"

"किनाऱ्यावर सर, मासळी सुकवणाऱ्या बायकांकडं."

"न्या. पण त्या मितेशला तेवढं लांब ठेवा."

"छे सर! नव्या मुलांना प्रश्न विचारायला तोच तर शिकवणार आहे."